समोरच्या नळीतलं पाणी

५ नोव्हेंबर १९५६, अंधेरी
आज कामावर रुजू झाले! इस्पितळाची प्रयोगशाळा छोटीशी, पण खिडकी ऐसपैस. वर्सोव्याकडून वारा आला की सुक्या मासळीचा वास. माझ्या सातारी नाकाची परीक्षाच. काम रक्त वेगळं करायचं. नळीतलं रक्त गोठलं की विजेच्या मशीनमध्ये गरगर फिरवायचं. तांबडं तळाशी बसतं, वर सीरम राहतं, तपासणी त्याची. डॉक्टर चित्रे मला क्षमाबाई म्हणाले, एकदम मोठी झाल्यासारखं वाटलं. दोघींपैकी एकीलाच कायम करणार आहेत. दुसरी क्लॅरिस, आंबोलीच्या गावठाणातली, माझ्या थोडी आधी लागलेली. तिनंच सगळं शिकवलं. रक्ताच्या नळीसमोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवायची, नाहीतर मशीन हादरतं. म्हणाली, "पाणी कमी घालू नको गं. कमी पडलं तर मशीन कुठूनतरी भरून घेतं." मला हसूच आलं.

१२ नोव्हेंबर
क्लॅरिसचं सीरम फिकट पिवळं, नितळ. माझं रोज लालसर. तेच मशीन, तेच रक्त! डॉक्टर तिची नळी खिडकीशी धरतात आणि मला बोलावून दाखवतात. नुसता जळफळाट होतो. वर ही बया आपल्या डब्यातलं अर्धं मला देते. धड रागावताही येत नाही.

१९ नोव्हेंबर
ती चहाला गेली तेव्हा तिच्या समोरच्या नळीतलं पाणी दोन बोटं ओतून टाकलं. मशीन थडथडलं, तिचं सीरम ढवळून लालभडक. डॉक्टर तिला सगळ्यांदेखत बोलले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?
पण पाण्याची नळी धुवायला काढली तर ती काठोकाठ भरलेली. पाणी किंचित गुलाबी होतं.

२६ नोव्हेंबर
रोज ओतते, रोज भरलेली सापडते. आता पाणी नसतंच, रक्त असतं. क्लॅरिसला आज काढलं. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाली, किती गार पडलेत, नखं पांढरी दिसतात, डॉक्टरांना दाखव. निघतानाही हिचाच चांगुलपणा!

२९ नोव्हेंबर
कायम झाले. आता पाणी तोलून घालते, तरी समोरची नळी लाल. त्या नळीतल्या रक्ताचा गट तपासला — माझाच. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सोडून जावं? मग क्लॅरिसला परत बोलावतील. नाही जाणार.

३ डिसेंबर
त्या नळीतलं सीरम — इतकं नितळ तिलाही कधी जमलं नाही. माझं आहे. डॉक्टरांपुढे ठेवलं. खिडकीशी धरून म्हणाले, "वा! क्लॅरिस परत आली की काय?"

४ डिसेंबर
आज पाणी घातलंच नाही. समोरची नळी रिकामी ठेवली. घे म्हटलं, हवं तेवढं.
मशीनशेजारीच बसलेय. जरासुद्धा हादरत नाही — भरतेय —
बोटं पांढरीफटक. पेन धरवत नाही —
तिच्याहून नितळ हवं. डॉक्टर खिडकीशी धरतील — म्हणतील, क्षमाबाई, हे तुम