साठ खाटांसमोरचे घर

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षाची निवृत्त मुख्य परिचारिका, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, राजीखुशीने लिहिते. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. मनात मत्सर आहे का, हे त्यांनी विचारले नाही. म्हणून तो मीच नोंदवते. आहे, आणि भरपूर आहे.

१. बँकेतील ठेव मुलाला व सुनेला निम्मी निम्मी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. मुलगा भिडस्त आहे.

२. पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची माझी लाकडी नळी नातीला. धाकटीला देऊ नये. तिच्याकडे यंत्र आहे.

३. धाकटी म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेली आणि माझ्यानंतर माझ्या खुर्चीत बसलेली सिस्टर. माझ्या काळात कक्षात बारा खाटा होत्या. एका खाटेवर दोन बाळंतिणी, एकीचे डोके दुसरीच्या पायांशी. कमी दिवसांची बाळे कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवायची. कितीतरी माझ्या तळहातावरच गार झाली. नव्या इमारतीसाठी मी बावीस वर्षे दरवर्षी अर्ज केला. उत्तर ठरलेले: "निधी उपलब्ध झाल्यास विचार करण्यात येईल." एक अर्ज परत आला तो मोठ्या बाबूंच्या चहाच्या कपाचा डाग घेऊन. बाबूंना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. ते वारले असले तरी.

४. मी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी निधी आला. साठ खाटा, लिफ्ट, नवजात बाळांसाठी अतिदक्षता कक्ष. फीत कापताना मंत्र्यांच्या शेजारी धाकटी. मला तिसऱ्या रांगेचे निमंत्रण होते. गेले नाही. समोरच राहते, खिडकीतून पाहिले. चार दिवस अन्न गोड लागले नाही.

५. गेल्या वर्षी सून त्याच इमारतीत सातव्या महिन्यात बाळंत झाली. नात सव्वा किलोची. मी धावत गेले, तर दारात धाकटी.

"मोठ्या सिस्टर, आधी हात धुवा. आणि दोनच मिनिटं हं."

मला. जिने तिला हात धुवायला शिकवले, तिला. काचेच्या पेटीत नात श्वास घेत होती आणि मी, तिची सख्खी आजी, त्या पेटीवर जळत होते. चौतिसाव्या दिवशी धाकटीने नात माझ्या हातात दिली. मी विचारले, "तू अर्जात असं काय लिहिलंस, जे मला जमलं नाही?"

"तुमचाच अर्ज होता. तारीख तेवढी बदलली," ती म्हणाली.

हे ऐकून मन निवळायला हवे होते. उलट वाटले, माझे शब्दसुद्धा तिचेच ऐकतात.

६. एवढ्या मोठ्या इमारतीत नातेवाइकांना पाठ टेकायला जागा नाही. सासवा, आया, नवरे जिन्याखाली पथाऱ्या पसरतात. ही चूक मला आढळली आणि फार बरे वाटले. सबब, माझे राहते घर वरच्या खोलीसह रुग्णालयाला द्यावे. ते फक्त रुग्णांच्या नातेवाइकांच्या मुक्कामासाठी वापरावे. मुलाला विचारले आहे. तो म्हणाला, "आई, ते चौतीस दिवस मला समोर घर होतं. बाकीच्यांना कुठे होतं?" पाटीवर माझे नाव ठळक अक्षरांत असावे. फीत धाकटीने कापू नये.

७. घराच्या जिन्याला कठडा बसवल्याशिवाय ते कोणासही उघडू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, हेच अखेरचे.

ठिकाण: राहते घर, रुग्णालयाच्या फाटकासमोर
दिनांक: १४ नोव्हेंबर

(सही) लिहून देणार

साक्षीदार:
१. (सही) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार
२. (सही) प्रसूती कक्षाची विद्यमान मुख्य परिचारिका

खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराला मीच बोलावले. तिने एकदा वाचावे, असे मनात होते. तिने शब्द न् शब्द वाचला, वरची खोली पाहून आली आणि म्हणाली, "तान्हं घेऊन एखादी पडेल या जिन्यावरून. कठडा लावा." सही करण्यापूर्वी कलम सात वाढवले, ते तिचे आहे. तीस वर्षे मी तो जिना चढते-उतरते. मला सुचायला हवे होते.