पथ्याची वही

मंगळवार, जेवणं उरकल्यावर

ह्यांना हृदयातच कॅन्सर आहे. असा फारसा कुणाला होत नाही म्हणे. हॉस्पिटलने हात टेकले, म्हणून आज सदाशिव पेठेतल्या वैद्यांकडे गेलो. साध्या खोकल्यासाठी त्यांनी माझ्या नणंदेचं दही, वांगं, लोणचं सहा महिने बंद केलं होतं. म्हणून पथ्य लिहून घ्यायला मी वहीच नेली.

त्यांनी नाडी पाहिली, फाइल वाचली, चूर्ण दिलं.

"पथ्य?" मी विचारलं.

"काही नाही. यांना आवडेल ते करून घाला."

रिक्षात हे खुशीत. "भला माणूस. आज भरली वांगी कर."

केली. मीठ घातलं की नाही, आठवत नाही. रडूही आलं नाही. का?

जेवताना हे म्हणाले, "वही कोरीच राहिली ना तुझी?"

मी मान हलवली.

"असू दे. लोणचं वाढ."