ओटी आणि पंखा

९ जुलै १९९१

आज परत पिन तुटली! काठाजवळचा तोच खडक — दिसतो, पण मशीन वर उचलायच्या आत लागतो. पिन गेली की होडीचा पाण्यातला पंखा नुसता सुटा. मशीन बोंबलतंय आणि होडी पाण्याबरोबर खाली चाललीय. बाया ओरडायला लागल्या. होडीचा मालक सुपडू नाना वल्हं मारत होता आणि तोंडानं माझा उद्धार.

मी म्हटलं, पितळेची पिन काढून सरळ खिळाच ठोकतो, कटकट नको. नाना म्हणाला, खिळा तुटणार नाही, मग आतले दाते तुटतील, मग पोहत ओढ होडी. खरंय. तुटावी म्हणूनच ती पिन असते.

उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी आलो होतो इथं तापीकाठी. अजून आहे. आयटीआय अर्धं सोडल्यावर धुळ्याला देवपुरात मामाकडं जायला तोंड नाही. पाऊस सरला की नरडाण्याला गाडी धरायची आणि सुरत. नक्की.

१२ जुलै

कानशीनं पात्यांच्या कडा घासल्या. खडकानं खरवडून करवत झाली होती. नाना म्हणतो, तिन्ही पाती सारखी घास, एक हलकं झालं की मशीन थरथरतं. दुपारभर तेच. मधेच एक खंड्या दिसला, त्याच्यामागं काठानं बराच लांब गेलो. परत आलो तर कानस पाण्यात पडलेली. नानानं स्वतः पाण्यात उतरून शोधली. ते जास्त लागतं.

१८ जुलै

तापीमायचा जन्मदिवस. सकाळपासून होडी रिकामी नाही. बाया धारेत जाऊन ओटी सोडतात — नारळ, खण, ज्यांची ऐपत त्यांचं अख्खं हिरवं लुगडं. आणि ते सगळं येतं पंख्यात! एका फेरीत खण, दुसरीत लुगडं. मी पालथा पडून विळ्यानं कापतो. दोरा आत गेला तर दांड्याभोवतीचं रबरी सील फाटतं, मग पाणी मशीनच्या आत.

एक लुगडं जवळजवळ धड निघालं. म्हटलं धुऊन घेऊ, मामीला होईल. नाना एकदम कडक — "तापीमायनं शे ते. तिलेच दे. देखत बसू नको." ओटीचं कापड बघायचं नाही, ठेवायचं नाही, हातात आलं की तोंड फिरवून पाण्यात सोडायचं. त्याचा बापही तसंच करायचा म्हणे. सोडलं.

२१ जुलै

आज डोहात पिन तुटली. डोहात! तिथं बांबू टेकत नाही, खडक कुठला? मऊ काहीतरी लागल्यासारखं झालं, मग कट्. नाना म्हणाला लाकूड असेल वाहून आलेलं. पंख्याला परत लुगडं. तीन दिवस झाले तरी ओट्या निघताहेत. फार घट्ट बसलं होतं, दिसलं तेवढं कापलं, तोंड फिरवलं, सोडलं. पंख्यामागची टोपी काढून नवी पिन घातली.

एक पातं वाकलंय. परत येताना सगळी होडी थरथरत होती.

२३ जुलै

एक म्हातारी घाटावर आली. तानुबाई, शिरपूरकडची. तिची लेक बेबा इथल्या रुपचंदला दिलेली. जन्मदिवसाला ओटी भरायला म्हणून घाटावर आली ती घरी परतलीच नाही. गावात दोन दिवस कुजबुज होतीच, मी लक्ष दिलं नव्हतं. कोणाबरोबर तरी गेली म्हणतात.

म्हातारी रडत नव्हती. प्रत्येकाला तेच विचारत होती. मलाही — "भाऊ, मनी बेबा तुन्ही होडीमा बठनी व्हती का?" हिरवं लुगडं होतं म्हणे, पदराला फाटलेलं. "मीच लाल दोराघाई शिवेल शे. हिरवा दोरा घरमा नव्हता."

त्या दिवशी निम्म्या बाया हिरव्यात होत्या. मी म्हटलं आठवत नाही.

२४ जुलै

रुपचंदनं चहाला बोलावलं. मला कधी नाव घेऊन हाक मारली नव्हती, आज वनाभाऊ, वनाभाऊ. म्हणाला म्हातारी अशानं मरून जाईल, तिला काहीतरी आशा पाहिजे. तू होडी चालवतोस, तुझं कोणी खोटं धरणार नाही. "बठनी व्हती, पलीकडे उतरनी, इतलंच सांग."

चहा गोडमिट्ट होता. संपवला आणि उठलो.

२५ जुलै

सांगितलं. बसली होती म्हणून.

म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले. "तुन्हं भलं होई, भाऊ."

२७ जुलै

वाटलं होतं म्हातारी तिच्या गावी जाईल. ती पलीकडच्या काठावर बसून असते! लेक गेली त्याच वाटेनं परत येणार ना. प्रत्येक फेरीला उठून उभी राहते, एकेक बाई उतरताना बघते, परत बसते. काल मला भाकरी-ठेचा आणून दिला. खाल्ला. काय करणार.

इकडे रुपचंद सगळ्यांना सांगतो, होडीवाल्यानंच पाहिलंय तिला जाताना.

मशीनचं तेल काढून बघितलं. दुधाच्या चहासारखं! म्हणजे पाणी शिरलं. नाना म्हणाला, आता पंखा अख्खा उतरवून सील बदलावं लागेल, आणि वाकलेला परत नको बसवू. धुळ्याला जा.

२९ जुलै

धुळं. आग्रा रोडवर सगळी मोटारीची दुकानं, होडीचा पंखा म्हटलं की हसतात. एक जण म्हणाला, उषाचा देऊ का, तीन पाती आहेत! शेवटी पितांबर मिस्त्रीकडं मिळाले. लिलावात घेतलेल्या जुन्या होड्यांचा माल. दोन पंखे होते. एक चकचकीत, पाती जास्त तिरपी. एका गिरकीत जास्त पाणी कापतो, होडी पळेल. दुसरा मळका, पाती कमी तिरपी. माझा हात चकचकीतवर गेला. मिस्त्री म्हणाला, "माणसं ओढायचीत का शर्यत लावायचीय? भरल्या होडीला तो लावलास तर मशीन धापा टाकील." दांड्याची जाडी मी मोजून नेली होती, दोन्ही बसत होते. मळका घेतला. सीलही मिळालं.

मग उगाच सिनेमाची पोस्टरं बघत हिंडलो, शेवटची गाडी चुकली. स्टँडवर बसलो होतो. सुरतेची बस समोर लागलेली. पिशवीत पंखा होता म्हणून नाही गेलो. एवढंच कारण.

३० जुलै

पंखा दांड्याला घट्ट चिकटला होता. ग्रीस लावलंच नव्हतं कधी, माझी चूक. लाकूड धरून चहूबाजूंनी ठोकला तेव्हा सुटला.

त्याच्या मागं, सीलच्या तोंडाशी, कापड दाबून बसलं होतं. काळं पडलेलं. चिमट्यानं ओढलं. सवयीनं तोंड फिरवलं. मग पुन्हा बघितलं.

हिरवं. पदराचा काठ. त्याच्यावर लाल दोऱ्याची शिवण, म्हातारीच्या हातची — मोठे मोठे टाके.

ओटीचं लुगडं कोरं असतं. शिवलेलं कोणी देत नाही.

डोहात लागलं ते लाकूड नव्हतं. आणि बाकीचं मीच कापून सोडलं, न बघता. पंखा लागण्याआधीच ती मेली होती की काय, ते आता मला कळणार नाही.

नाना शेजारीच होता. त्यानं कापड बघितलं, मग माझ्याकडं. या वेळी "तिलेच दे" म्हणाला नाही. उठून गेला. त्याला त्या दिवशी डोहातच कळलं होतं का? विचारायची हिंमत नाही.

३१ जुलै

नवा पंखा बसवला. दांड्याला ग्रीस, नवं सील, नवी पिन. थरथर नाही.

रुपचंद घाटावर उभा होता. कापड माझ्या खिशात आहे, ते त्याला दाखवलं नाही.

पलीकडं तानुबाई उठून उभी राहिलीय. होडीत आज मी एकटाच.