पाणी कमी नाही, गाड्या जास्त

१४ नोव्हेंबर १८६४, सोमवार. अकोला.

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी इतिहास लिहायला बसला तर त्याला साधन हवे.

जिल्ह्याच्या साहेबांनी कचेरीत बोलावले. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना आता आपल्या वऱ्हाडाचाच कापूस पाहिजे. गाड्यांची रांग लागली आहे, आणि बाजाराच्या मैदानावर माणसाला, बैलाला पाणी नाही. साहेब म्हणाले, विलायतेत लोकांना विचारून पॉलिसी करतात, इथेही तसे करून पाहू. सबब बाजार कमिटी. अध्यक्ष स्वतः साहेब. मेंबर तीन. एक खुशालराव पाटील, मैदानालगतच्या शेताचे मालक. दुसरे हरकचंद शेठ, कापसाचे मोठे खरेदीदार. तिसरा मेंबर गाडीवाल्यांनी हात वर करून निवडायचा. सेक्रेटरी मी.

विचारायचे लोकांना, लिहायचे मी. म्हणजे पॉलिसी कोण करणार हे उघड आहे.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. स्नान, संध्या, मग दोन तास मसुदा. तीन आठवड्यांत संपूर्ण योजना साहेबांच्या टेबलावर.

घरी बायकोला सांगितले. गोदावरी म्हणाली, विहीर कुठे खणणार? ही इथलीच, जुन्या शहरातल्या भिक्षुकाची मुलगी. आधी पॉलिसी, मग विहीर, हे तिला समजावता समजावता भात गार झाला.

१५ नोव्हेंबर.

सातला उठलो. थंडी फार.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार.

मैदानाची प्रत्यक्ष पाहणी. छकड्यातून उतरलो नाही. धुळीने कागद खराब होतात.

तीनशेच्या वर गाड्या. मारुतीच्या देवळामागे एक विहीर, तिच्यात सकाळी दहापर्यंत पाणी, नंतर गाळ. बैल मोर्णा नदीवर न्यावे तर रांगेतली जागा जाते. म्हणून लोक जागा धरून बसतात. काही जण चार दिवस. एका डबक्यातून बाया लुगड्याच्या पदराने पाणी गाळून घेत होत्या. मी नाकाला रुमाल लावून सर्व टिपून घेतले.

अमरावतीत मी कारकून असताना राजापेठेकडच्या रस्त्यावर दिव्यांच्या खांबांविषयी टिपण लिहिले होते. नऊ पाने. खांब आले नाहीत, पण तसे टिपण पुन्हा झाले नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार.

निवडणूक. मी गाडीवाल्यांसमोर तासभर भाषण केले. प्रजेचे हक्क, प्रजेची कर्तव्ये, रोमन लोक. शेवटी म्हणालो, आता तुमच्या हिताची ज्याला खरी कळकळ आहे असे वाटते त्याच्या नावाने हात वर करा. आणि दोन पावले पुढे येऊन उभा राहिलो. मला निवडणे नियमात नव्हते. पण लोकांचा आग्रहच झाला तर मोडायचा कसा, एवढी तयारी ठेवली होती.

सगळे हात हिवरखेडच्या सूर्यभानसाठी वर गेले. पन्नाशीचा माणूस, गाडीच्या जुवाला टेकून तंबाखू मळत बसला होता. तो उभासुद्धा राहिला नाही.

विचार केल्यावर लक्षात आले. माझ्यावरचा विश्वास लोकांनी गृहीतच धरला आहे. हात वर करून दाखवायची त्यांना गरज वाटली नाही.

२८ नोव्हेंबर.

पहिली सभा. साहेब आले, काम सुरू करा म्हणाले आणि गेले.

खुशालराव म्हणाले, विहीर त्यांच्या शेताच्या बांधाला खणावी. शेठ म्हणाले, त्यांच्या वखारीसमोर. जिथे पाणी तिथे गाड्या आणि जिथे गाड्या तिथे सौदा, हे दोघांनाही ठाऊक. दोन तास दोघे प्रजेच्या हिताविषयी बोलले. दोघांनीही उत्तम शब्द वापरले. काही मी उतरून घेतले.

मग सूर्यभानला विचारले. तो म्हणाला, पाटलाच्या वावरात खारं पाणी लागेल, वखारीपाशी खडक आहे. नाल्याच्या काठाला पळसाची झाडं आहेत तिथं गोडं लागेल, तिथं हीर खणा. एवढे बोलून पुन्हा तंबाखू मळू लागला.

ह्या माणसाला पॉलिसीची भाषा येत नाही. 'हीर खणा' असे सरकारी मिनिटांत, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिता येत नाही, साहेबांना हसू येईल. मी लिहिले: 'मेंबर सूर्यभान यांनी योजनेस सर्वसाधारण अनुकूलता दर्शविली.' त्याच्या बोलण्याला मी वजन आणले. त्याने अंगठा उठवला.

१९ डिसेंबर.

तिसरी सभा. जागेचा प्रश्न पोटकमिटीकडे सोपवला. पोटकमिटीत खुशालराव आणि शेठ. सूर्यभान म्हणाला, हीर. मी लिहिले, अनुकूल.

तीन आठवडे उलटले. पण तीन आठवडे म्हणजे तीन सभांचे आठवडे, असाच माझा मूळ हेतू होता.

९ जानेवारी १८६५.

आजचा दिवस लक्षात ठेवावा.

पोटकमिटीचा तंटा मिटेना. खुशालराव म्हणाले, वखारीसमोर विहीर झाली तर मी मैदानाची वाट बंद करीन. शेठ म्हणाले, पाटलाच्या बांधाला झाली तर मी खरेदी बंद करीन. मी डोळे मिटून बसलो होतो. (झोप नव्हे.) आणि एकदम प्रकाश पडला. म्हणालो, मंडळी, पाणी कमी नाही, गाड्या जास्त आहेत.

मग दोघांनी एकाच वेळी मान डोलावली. खुशालरावांनी माझी पाठ थोपटली, शेठनी विडा पुढे केला. दोन महिने ज्यांचे कशावरही एकमत झाले नाही त्यांचे एका क्षणात झाले. गोदावरीचे म्हणणे, दुसऱ्याच्या दारात विहीर होण्यापेक्षा कुठेच न झालेली दोघांना परवडली. बायकांना माणसात फक्त मत्सर दिसतो.

योजना अशी. प्रत्येक गाडीला चिठ्ठी. चिठ्ठीसाठी आठ दिवस आधी लेखी अर्ज. अर्जात गाव, बैलांचा रंग, येण्याचे कारण. विहिरीला जेवढे पाणी तेवढ्याच चिठ्ठ्या. एकूण सत्तावीस कलमे होतील.

सूर्यभान म्हणाला, आमच्या अख्ख्या गावात लिवता येनारा एक मानूस हाये, अन् त्याले दिसत नाई. मी लिहिले, अनुकूल.

१२ जानेवारी.

जेवायला बसणार तोच सूर्यभान ओसरीखाली उभा. गोदावरीने वरून पाणी घातले. तो तांब्याभर प्याला, मग आणखी एक. ती त्याच्याशी अगदी इकडच्या बोलीत बोलत होती. घरचे कसे आहेत, कापूस कसा आहे. मला हे बरे दिसले नाही.

तो म्हणाला, मैदानात लोक आजारी पडत आहेत, डबक्याचे पाणी पिऊन जुलाब लागले आहेत. मग माझ्याकडे वळला.

"पंत, मले वाचता येत नाई. मी हीर म्हनतो ते तुमी लिवता ना?"

मी म्हणालो, तुमच्या बोलण्याचा आशय पूर्णपणे नोंदला जातो.

"आशय मंजे?"

मी त्याला आशय समजावला. तो ऐकत राहिला. मग गोदावरीला म्हणाला, "येतो बाई," आणि गेला.

तिने माझ्या पानाशेजारी रिकामा तांब्या ठेवला.

६ फेब्रुवारी.

मसुदा पूर्ण. उद्यापासून खरोखर पाचला उठणार, कारण आता शुद्ध प्रत करायची आहे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

मैदानावर एक गाडीवाला मेला. सहदेव, राहणार हिवरखेड. पाचवा दिवस होता रांगेत. कालपासून जुलाब, वांत्या. बायको बरोबर होती, मनकर्णाबाई. साहेबांनी रिपोर्ट मागवला म्हणून मला जावे लागले.

पाहणीत आढळले की गाडी हद्दीच्या दगडापलीकडे सहा हात उभी होती. म्हणजे मृत्यू कमिटीच्या हद्दीत झालेला नाही. तसा रिपोर्ट केला. मुद्दा बारीक आहे, पण पॉलिसी बारीक मुद्द्यांवरच उभी असते.

त्या बाईने कापूस विकला नाही. लोकांनी नवऱ्याला कापसाच्या गाठोड्यांवरच ठेवले, वर घोंगडी टाकली. कासरा तिने स्वतः धरला. सूर्यभान पुढे चालत होता. गावाकडे निघताना तिने मला विचारले, मोर्णेच्या उताराचा रस्ता हाच का? मी हो म्हणालो. हाच होता.

जेवण गेले नाही. वांगी जुनी असावीत.

१३ फेब्रुवारी.

सातवी आणि शेवटची सभा. सूर्यभान आला. मला वाटले नव्हते येईल. सत्तावीस कलमे मी वाचून दाखवली. त्याने विचारले, यात हीर कुठं आहे? मी म्हणालो, कलम एकोणिसात 'यथावकाश' असा शब्द आहे, त्यात ती येते. तो म्हणाला, हीर खणा. मग अंगठा उठवून घरी गेला.

मी लिहिले, अनुकूल. आज शाईचा डाग पडला. बोरू नवा होता.

१६ फेब्रुवारी.

साहेबांची सही झाली. ते मेळघाटात शिकारीला निघाले होते, घोडा दारात. म्हणाले, सर्वांचे एकमत आहे ना? मी मिनिटे दाखवली. सातही सभांत एकमत. साहेब म्हणाले, असे विलायतेतसुद्धा होत नाही. हे वाक्य इथे मुद्दाम उतरवून ठेवतो.

२७ फेब्रुवारी.

दवंडी. मी दवंडीवाल्याला सत्तावीस कलमे दोनदा वाचून दाखवली होती. त्या नालायकाने डफ वाजवून एवढेच सांगितले: "चिठ्ठी नाई तं गाडी नाई हो."

तीन महिन्यांचे काम. निदान प्रस्तावना तरी सांगायची.

२० मार्च.

योजना अपेक्षेहून यशस्वी. मैदानावर आज अकरा गाड्या. मारुतीमागच्या विहिरीत दुपारपर्यंत पाणी. तक्रार एकही नाही. तक्रार करायला कोणी नाही, असे गोदावरी म्हणाली. हाच तर पुरावा.

गाड्या खामगावला जाऊ लागल्या आहेत असे कळते. खामगावच्या पाण्याचा विचार खामगावने करावा.

शेठनी वखार बंद करून काटा खामगावला नेला. खुशालराव रस्त्यात भेटले. नमस्कार केला, त्यांनी पाहिले नाही. ऊन होते डोळ्यांवर.

यशाचा रिपोर्ट लिहायला घेतला आहे. पहाटे पाचला.

(साडेआठला.)

३ एप्रिल, सोमवार.

साहेब परतले. मैदानावरून घोड्याने कचेरीत आले. विचारले, कापूस कुठे आहे? मी यशाचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो उघडला नाही. वरून पत्र आले होते, अकोल्याची आवक एकाएकी का थांबली म्हणून.

कमिटीला बोलावणे गेले. खुशालराव म्हणाले, ते पहिल्यापासून विहीर म्हणत होते. शेठचा निरोप आला, तेही. मिनिटांत तसे खरोखरच आहे. सूर्यभानला हिवरखेडहून यायला दोन दिवस लागले.

५ एप्रिल.

साहेबांनी मिनिटांचे पुस्तक सूर्यभानसमोर ठेवले. दुभाष्यामार्फत विचारले, सात सभांत तू सात वेळा ह्या योजनेला अनुकूल होतास, मग आता तुझीच माणसे खामगावला का जातात?

सूर्यभानने पुस्तकावरचे आपले अंगठे पाहिले. एकेक पान उलटून पाहिले. मोठ्याने बोलला नाही.

"साहेब, मी सात खेपा हीर म्हनलो. पंतानं सात खेपा काय लिवलं ते त्यायले पुसा. त्यातल्या दोन खेपांच्या मंधात आमचा सहदेव मेला."

दुभाष्याने ते सांगितले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. आशयाविषयी माझी काही वाक्ये तयार होती. मी मिनिटांचे पुस्तक नीट बंद करून ठेवले.

साहेब म्हणाले, विहीर कुठे? सूर्यभान बाहेर पडला, साहेब त्याच्यामागे, मी दोघांच्या मागे. नाल्याच्या काठी पळसापाशी त्याने काठी टेकली. साहेबांनी तिथेच उभ्याने एक ओळ लिहिली. माझ्या सत्तावीस कलमांना एक सही लागली होती, ह्या एका ओळीलाही एकच लागली. हे राज्यकारभाराच्या दृष्टीने फार उथळ आहे.

कमिटी बरखास्त. चिठ्ठ्या रद्द. मला पॉलिसीतून काढून विहिरीच्या कामावर हजेरी लिहायला नेमले. विश्वासाचे काम आहे.

२० मे.

पंचवीस हातांवर पाणी लागले. गोडे. गोदावरीने विचारले तेव्हा सांगितले. ती म्हणाली, मनकर्णाबाई आता कुठे असेल? मला काय माहीत. मी हद्दीबाहेरची नोंद ठेवत नाही.

२९ मे, सोमवार.

विहीर खुली झाली. साहेब अमरावतीला गेले होते. खुशालराव आले नाहीत. गावातली सहा-सात माणसे, गुरवाने नारळ फोडला, झाले. चार शब्द बोलायचे म्हणून मी कागद आणला होता. पण लोक उन्हात थांबले नाहीत.

अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आहे. कापसाला कोणी विचारत नाही. रांगही नाही.

दुपारी एकच गाडी आली, दर्यापूरकडची. कोणी म्हातारा. बैल जिभा काढून उभे होते. त्याने मला विहिरीपाशी पाहिले आणि पाणक्या समजला.

"दोन पोहरे वढ रे बाप्पा."

आसपास दुसरे कोणी नव्हते. मी पागोटे काढून काठावर ठेवले आणि पोहरा सोडला. सहा ओढले. आयुष्यात इतके पाणी ओढले नव्हते. हाताची साले निघाली. बैल पीत होते तोवर म्हाताराही ओंजळीने प्याला, तोंड पुसले, आणि विचारले की एवढ्या गोड्या पाण्याची ही हीर कोणी केली.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, हिवरखेडच्या सूर्यभाननं केली म्हनते.

मी दुरुस्ती केली नाही.