बाराव्या होडीची पाटी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या अपेक्षाची पाटी मुकी! पोरगी बोईसरला कंपनीत कॉम्प्युटरचं करते, म्हणून मच्छीमार सोसायटीने तिच्याकडून फोनातली पाटी करून घेतली. होडी किनाऱ्याला लागली की ती हाकणाऱ्या तांडेलाने बटण दाबायचं, आमाला घरबसल्या नाव दिसायचं. आज अकरा होड्या आल्या — डोळ्यांदेखत! फोनात काय नाय. म्हणे, "आई, बारावी आली की सगळी यादी एकदम दिसेल."

बारावी आल्यावर मला डोळे हायत की!

५ नोव्हेंबर

पोरगीने समजावलं. आधी सगळं साठवायचं, मग एकदम दाखवायचं, ते बफर. येईल तसं सोडायचं, ते स्ट्रीम. साठवलं की यादी पुरी, नीटनेटकी.

म्हटलं, बये, पहिली टोपली उतरली की मी मासळी निवडायला बसते. शेवटच्या टोपलीची वाट बघितली तर कावळे निवडून नेतील!

परत कॉम्प्युटर उघडून बसली. शुक्रवारी सोसायटी बघणार. नाय पटलं तर पाटी बंद, पोरगीची मेहनत पाण्यात.

६ नोव्हेंबर

केलं तिने. येईल तसं. माझंच डोकं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारपासून वारा. सगळ्या बायका सोसायटीच्या ऑफिसात, फोन हातात. एकेक नाव टपकायला लागलं. "आली गं माझी!" कमळी तर नाचलीच. चेअरमन खूश. पाटी पास.

अकरा नावं. एक जागा रिकामी — आमची.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. साठवलेलं असतं तर बाराजणी मिळून घाबरलो असतो. आता मी एकटी. अपेक्षावर ओरडले, "पयल्यासारखं कर ते!"

साखरबाई शेजारी येऊन बसली. बोंबील टांगायच्या वलांडीवरून गणपतीपासून आमचा अबोला. नुसती बसली. तिची होडी पहिलीच आली होती, घरी जायचं ना!

दीड तासाने हे रिक्षातून उतरले. वारा बघून होडी शेजारच्या नवापूरच्या किनाऱ्याला लावलेली. आणि फोन? तीन पिशव्यांत गुंडाळून, वर रबरं, बर्फाच्या पेटीत! "भिजू नये म्हणून." मी काय बोलले ते इथे लिहीत नाय.

८ नोव्हेंबर

अपेक्षा विचारते, "आई, कुठलं ठेवू? साठवायचं की सोडायचं?"

जा, भात उकळतोय म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमचं नाव पहिलं. टोपली उचलली, परत ठेवली. शेवटचं नाव साखरबाईकडचं, अंधार पडायच्या जरा आधी. मला बघून म्हणाली, "गेली नाय तू अजून?"

"पाय दुखत होते," म्हटलं.

अपेक्षाला सांगितलं, राहू दे आहे तसं. थांबायचं काम आमी करू.