प्लॅटफॉर्मच्या पायात

४ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गोदीत दाजींचा सत्कार झाला, फोटो छान आला, असं कौतुकाने लिहिलंस. ताई, तो फोटो बघून मला शिसारी आली. रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

जहाजं बांधायची ती गोदी आता राहिली नाही. समुद्रातून तेल काढायचे प्लॅटफॉर्म तिथे आडवे पडलेले असतात. त्यांचा एकेक पाय म्हणजे आत माणूस उभा राहील एवढा पोलादी नळ. आमचा रंगारी, ज्याला सगळे गवई म्हणत, अशाच पायात रंग मारत होता. आत आवाज घुमतो म्हणून खुशाल बेसूर गायचा. आम्ही शिव्या द्यायचो. सत्काराच्या आदल्या सोमवारी आत हवा सोडणारा पंखा आमचे सुपरवायझर म्हणून दाजींनी दुसऱ्या कामाला नेला. तेवढ्याने कोणी मरत नाही, म्हणाले. रंगाच्या वाफेने गवई गुदमरला. मी वेल्डिंग टाकून धावलो, दोराने ओढून काढला, पण सगळं संपलं होतं.

दाजींनी आम्हाला हाकललं. दुपारी गवई फाटकाबाहेर गटाराकडेला सापडला, अंगाला दारूचा भपकारा. पिऊन पडला, असं ठरलं. वर गोदीत अपघात नाही म्हणून दाजींना शाल! केकचा तुकडा माझ्याही हातावर ठेवला. मी तो फाटकाबाहेरच्या कुत्र्याला घातला.

एवढं लिहिलं तरी तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ह्यांच्याबद्दल असलं लिहवलं कसं तुला? त्याच गोदीत तुला चिकटवलं कोणी? लहानपणी मुंगी चिरडली तरी दिवसभर भोकाड पसरायचास, तसाच राहिलास.

मी ह्यांना विचारलं. तो रंगारी पट्टीचा पिणारा होता आणि तुझी जीभ फार लांब झाली आहे, एवढंच म्हणाले. विषय संपव. वेळेवर जेव. रागावले तरी तुझीच आहे.
ताई

१५ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न.

विषय संपला नाही. मी पोलिसांत जबाब दिला आणि माझी नोकरी गेली. बाकीच्यांची दातखीळ बसली आहे. गवईच्या बायकोला गल्लीतल्या बाया दारुड्याची बायको म्हणतात, पाणी भरायला गेली की हसतात. तुला पटलं नाही तरी माझी आठवण ठेव.
तुझा धाकटा

२२ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल ह्यांचे दोन साहेब जेवायला होते. मी वाढत होते. हे हसत हसत सांगत होते, की मेलेल्या माणसाला पाजायला अर्धी बाटली लागली, जिवंतपणी थेंबभर घेत नव्हता लेकाचा. तिघेही खो खो हसले. मग ह्यांनी ताट पुढे करून आणखी रस्सा मागितला. मी पातेलं खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन ओकले. ज्या माणसाचे शर्ट इतकी वर्षं घासले, त्याचा हात लागला तरी आता अंग धुवावंसं वाटतं.

आज गवईच्या घरी गेले. मी कोणाची बायको ते सांगितलं, ऐकलेलं सगळं सांगितलं. त्याच्या बायकोने मला बस म्हटलं नाही. मनगट धरून बाहेर नेलं, नळावरच्या बायांना हाका मारून गोळा केलं आणि म्हणाली, आता हेच पुन्हा सांगा, मोठ्याने.

मी मोठ्याने सांगितलं. उद्या पोलिसांतही सांगणार आहे, म्हणून हे पत्र टपालाने न टाकता हातोहात पाठवते. तू बरोबर चल. घरी परत जाणार नाही. तुझ्या खोलीत एक वळकटी मावेल एवढी जागा कर.
तुझी ताई