धावत येणारं माणूस

वारूळवाडी,
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय आशा,

पुष्कळ प्रेम. तुझे गुडघे कसे आहेत? अजून जिनाच चढतेस की लिफ्टला शरण गेलीस?

दिवाळीपासून आपण बोललो नाही. फोन केला असता तर हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला असता, म्हणून कागद घेतला. पण बघ, इथेही आधी हवापाणीच सुचतंय. थंडी ओसरली. मागच्या उसाची तोड झाली, त्यामुळे खिडकीतून थेट नदीपर्यंत मोकळं दिसतं. माझी साखर नेहमीसारखी वर-खाली. शेजारच्या ठकूबाईच्या हाताला लागलं आहे. भाकऱ्या सध्या तिची सून करते आणि ठकूबाई बसल्या जागेवरून त्यांना नावं ठेवते.

बत्तासा बरा आहे. खातो.

तू त्याला घेऊन आलीस तो दिवस काल फार आठवला. पांढरट, गुबगुबीत लॅब्रडॉर, जत्रेतल्या बत्ताशासारखा. माझी साखर उतरायला लागली की त्याला वासावरून कळतं, तो गुडघ्यावर पंजा मारतो, ग्लुकोजची पिशवी आणून देतो, आणि मी पडलेच तर कुंपणाशी जाऊन भुंकतो. हे सगळं शिकवायला तू दोन वर्षं खपली होतीस. ठकूबाई तेव्हा पदर तोंडाला लावून हसली होती. "बाईची साखर कुत्रं मोजतंय, ऐका!" मग एकदा तिच्यासमोरच त्याने पंजा मारला, यंत्रात आकडा खरंच खाली दिसला, आणि त्या दिवसापासून तिच्या घरी त्याच्या नावाची चतकोर भाकरी निघू लागली.

तू गेल्यावर मी त्याच्या पाठीवर हात ठेवून झोपायचे. होस्टेलमध्ये दिवे मालवले की मला भीती वाटायची आणि तू दोन कॉटांच्या मधल्या फटीत हात लांब करून ठेवायचीस, तसं वाटायचं. सिस्टर फेरीला आल्या तरी तू हात काढायची नाहीस.

असो. मुद्द्यावर येते.

दिवाळीत मी तुला म्हटलं होतं, याला थोडं राखणीचंही शिकव. तू म्हणालीस, "अंजू, मदतीच्या कुत्र्याला माणसांचा संशय घ्यायला शिकवायचं नसतं." मी म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरून बोलायला तुझं काय जातंय!" आणि फोन आपटला.

बोलणं वाईट होतं, पण भीती खोटी नव्हती गं. बिबट्या आमच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसला होता. ठकूबाईचं वासरू गोठ्यातून गेलं. बायका खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधतात. ठकूबाईचं माहेर मेंढरं राखणारं. ती म्हणते, "आमच्या वाड्यावर कुत्र्याला बांधायचो ह्यो पट्टा. आता आमच्याच गळ्यात. बढती मिळाली!" आणि तीच मला रोज डिवचायची, "तुझा बत्तासा बिबट्यानं उचलला तर पानी प्याया बी थांबायचा न्हाई तो." पुतण्या ऋषी म्हणायचा, "काकू, बिबट्याचं सोडा, एकट्या बाईच्या घरात माणूस शिरला तर?" दोघांचंही चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही.

मी तुला न विचारता पेठच्या मोहितला बोलावलं. फार्महाऊसची कुत्री तयार करतो तो. पहिल्या दिवशी हाताला जाड गादी बांधून तो ओरडत माझ्यावर धावून आला, तर बत्ताशाने त्याला माझी चप्पल नेऊन दिली. मोहित म्हणाला, "मॅडम, तुमी कुत्रं पाळलंय का पावणा?" मी खूप हसले. पण पोरगं चिकाटीचं. मला अंगणात खाली बसवायचा, कधी आडवं व्हायला लावायचा, आणि लांबून धावत यायचा. संक्रांतीपर्यंत बत्तासा शिकला. त्याच्याही गळ्यात खिळ्यांचा पट्टा आला. मी फोटो काढला होता, तुला पाठवायचं धाडस झालं नाही.

आशा, ठकूबाईच्या हाताला बत्तासा चावला आहे.

गेल्या आठवड्यात मी सकाळी परसात टोमॅटोला काठ्या लावत होते. त्याने पंजा मारला होता, मला आठवतं. मी म्हटलं, "थांब रे, एवढी ओळ होऊ दे." मग गुडघे गेले. पुढचं मला ठकूबाईनेच सांगितलं.

"मला बोलवतच व्हता गं तो. कुंपनापाशी येऊन भुकला, माझ्याकडं बघून. मी पळत आले, तर तुझ्या आंगावर आडवा हुबा. शेपूट हलतंय अन् दात भायेर. माझं मलाच कळंना, कुठल्या टोकाचं ऐकावं!"

त्यानेच तिला बोलावलं आणि त्यानेच अडवलं. तुझं शिकवणं आणि माझं शिकवणं, दोन्ही त्याने मनापासून पाळलं.

ठकूबाईने कुंपणावर वाळत टाकलेलं घोंगडं डाव्या हाताला गुंडाळलं, तो हात त्याच्या तोंडात दिला आणि उजव्या हाताने, माझ्यासाठी कनवटीला ठेवते ती साखर माझ्या गालात चोळली. दात घोंगड्यातून आरपार गेले. पट्ट्याच्या खिळ्यांनी कोपरापर्यंत सोललं. मला जरा शुद्ध आली तेव्हा मी कसंबसं "सोड" म्हटलं. त्याने लगेच सोडलं, घरात पळाला आणि परत येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तोंडाला तिचं रक्त आणि तोंडात ग्लुकोजची पिशवी.

ठकूबाईला टाके पडले, इंजेक्शनं चालू आहेत. मोहितला फोन केला तर म्हणाला, "सॉरी मॅडम. पण कुत्रं शंभर टक्के तयार झालंय म्हनजे." रागावू कुणावर? मी मागितलं तेच त्याने दिलं होतं. धावत येणारं माणूस म्हणजे शत्रू, एवढंच आम्ही त्याला शिकवलं. पडलेल्या बाईकडे चालत कोण येतं, हा विचार मला सुचला नाही.

आता तो दिवसभर फाटकाशी बसून रस्त्याकडे बघतो. परवा साखर उतरली ती मला यंत्रावर कळली. त्याचं नाक माझ्याकडे नव्हतंच. ऋषी म्हणतो, साखळीने बांधा. ठकूबाई म्हणते, "बांधू नगंस. त्याला काय कळतंय, शिकवलं तसं वागला." बांधलेल्या हाताने रोज येते, लांब दगडावर बसते आणि भाकरीचा तुकडा टाकते. तो खातो. पण ती उठली की त्याचे कान उभे राहतात. काल निघताना ती हसत म्हणाली, "बाय, आता मी तुझ्याकडं पळत न्हाई यायची. चालतच येईन. तवर मेलीस तर तुझं नशीब."

मीही हसले. ती गेल्यावर मात्र हसू येईना.

रविवारी ऋषी बत्ताशाला तुझ्याकडे घेऊन येईल. पट्टा मी काढून टाकला आहे. सोबत त्याची ताटली आणि ठकूबाईची भाकरी देत आहे. शिकवलेलं विसरवता येतं का गं? येत असेल तर कितीही महिने लागोत, मी थांबेन. येत नसेल तर त्याला तुझ्यापाशीच ठेव, माझ्या पत्राकडे बघून परत पाठवू नकोस. मला रडताना फार ऐकलं आहेस तू, पुन्हा एकदा ऐक.

बिबट्या आहेच. ऊस गेला तरी नदीकाठी त्याचे माग दिसतात. वनखात्याने मागे पिंजरा लावला आहे, परसातलं गवत मी कापून घेतलं, दाराला जाळी बसवली. त्या जाळीच्या कुलपाची दुसरी किल्ली ठकूबाईला दिली. किल्ली कनवटीला लावत तिने विचारलं, "कुत्रं जातंय ना रविवारी?" मी म्हटलं, "जातंय." "मग सोमवारपास्नं पळत येईन," म्हणाली.

मागच्या बोलण्याबद्दल माफ कर. हात लांब करून ठेव.

तुझ्या शेजारच्या कॉटवरची,
अंजू